सबवेचं जुनं मॉडेल कधी रिटायर होणार ते कसं ओळखायचं (न्यूयॉर्कच्या आर-३२ वरून)

न्यूयॉर्क सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, एखाद्या मॉडेलचे डबे भंगारात कधी जाणार याच्या तारखा जाहीर होतात पण त्या पुढे सरकतात, म्हणून तारखेवर विसंबून राहू नका, खुणा बघायला शिका. उदाहरणाला आर-३२ घेऊ, कारण या मॉडेलने सगळ्यांचे अंदाज चुकवले.

आधी डब्यावरचा नंबर बघा. आर-३२ मधला ३२ हा सालाचा आकडा नाही, ज्या कॉन्ट्रॅक्टखाली डबे घेतले त्याचा नंबर आहे. प्रत्येक डब्याला स्वतःचा नंबर असतो तो वेगळा, आर-३२ चे ३३५० ते ३९४९, म्हणजे एकूण ६००. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने १९६४-६५ मध्ये बनवलेले, नालीदार स्टेनलेस स्टीलचे, रंग न दिलेले, म्हणून लोक त्यांना ब्राइटलायनर म्हणायचे.

आता महत्त्वाचं. वय मोजत बसू नका. सबवेचा डबा साधारण ४० वर्षं चालेल असं धरतात, आर-३२ मात्र २०२२ पर्यंत चालले, आणि १९७०च्या दशकातले आर-४४ त्यांच्यापेक्षा तरुण असून सबवेतून २०१० मध्येच गेले, कारण त्यांच्या सांगाड्याला गंज सापडला. त्यांची जागा भरायला उरलेल्या आर-३२ ना सेवेत ठेवावं लागलं, नाहीतर आर-१६० हे नवं मॉडेल आल्यावर बहुतेक आर-३२ गेलेच होते, हेही जाणार होते. त्यामुळे एका मॉडेलचं भविष्य बघायचं तर शेजारच्या मॉडेलची तब्येतही बघा.

दुसरं, नवीन ऑर्डर कुठपर्यंत आलीय ते बघत राहा. जुना डबा म्हातारा झाला म्हणून जात नाही, त्याची जागा घेणारा डबा पॅसेंजर घेऊन धावायला लागला की जातो. नुसता कारखान्यातून निघून उपयोग नाही! जून २०२० मध्ये नव्या आर-१७९ च्या एका गाडीचे डबे चालताना एकमेकांपासून सुटले, सगळ्या आर-१७९ बाजूला काढल्या आणि यार्डात उभ्या असलेल्या आर-३२ जुलैत परत लाइनवर आल्या, पन्नाशी कधीच ओलांडलेल्या. मला तर हे फार आवडलं होतं.

तिसरं, सबवे चालवणारी एमटीए ही संस्था प्रत्येक मॉडेल बिघाडाशिवाय सरासरी किती मैल चालतं ते आकडे देते. आर-३२ शेवटी शेवटी सरासरीच्या कितीतरी खाली होते. पण एका महिन्याचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका, वर्षभराचा कल बघा.

चौथी खूण म्हणजे गाडी कुठल्या लाइनवर टाकतात. आर-३२ चा एसी उन्हाळ्यात पूर्ण भुयारी सी लाइनवर दमायचा, म्हणून त्यांना बरंचसं उघड्यावरून जाणाऱ्या ‘जे’ लाइनवर पाठवायचे आणि तिथल्या आर-१६० गाड्या सी लाइनवर आणायचे. मॉडेलला असं सांभाळून घ्यायला लागले की समजा दिवस भरत आले.

शेवटच्या फेऱ्या चुकवायच्या नसतील तर न्यूयॉर्कच्या ट्रान्झिट म्युझियमच्या घोषणांवर लक्ष ठेवा. आर-३२ च्या निरोपाच्या फेऱ्या डिसेंबर २०२१ पासून रविवारी झाल्या, शेवटची ९ जानेवारी २०२२ ला. गाडी सुटते त्या स्टेशनला लवकर जा आणि पहिला डबा धरा, कारण मोटरमनची केबिन अर्ध्या रुंदीची असल्याने पुढच्या दाराच्या काचेतून थेट रूळ दिसायचे, नवीन गाड्यांत ही सोय नाही.

नंतर डबे कुठे जातात? २००१ ते २०१० मध्ये अडीच हजारांहून जास्त डबे अटलांटिकमध्ये माशांसाठी कृत्रिम रीफ म्हणून बुडवले. जुन्या कार्बन स्टीलच्या, ‘रेडबर्ड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाल डब्यांनी बऱ्यापैकी तग धरला, पण स्टेनलेसचे डबे अपेक्षेपेक्षा फारच लवकर कोसळले. त्यामुळे डबा शोधायचा तर म्युझियममध्येच बघा.

आता हाच हिशोब आर-४६ ला लावा. १९७५-७८ चे डबे, त्यांच्या जागी आलेली आर-२११ मार्च २०२३ पासून ए लाइनवर धावतेय. फोटो हवे असतील तर निरोपाच्या गर्दीतल्या फेरीसाठी थांबू नका, मॉडेल रोजच्या ड्युटीवर असतानाच काढून घ्या, आणि डब्याचा नंबर फ्रेममध्ये येईल असा काढा.