पुन्हा रिंगमध्ये की रिंगच्या कडेला? निवृत्त बॉक्सरसाठी बारा आठवड्यांची कसोटी

कोल्हापुरात निवृत्त खेळाडूला लोक निवृत्त राहू देत नाहीत. गंगावेशीत दूध पिताना, नाहीतर रंकाळ्यावर फेरी मारताना कुणीतरी हटकतंच, "अजून दोन वर्षं सहज निघतील की!" बोलणाऱ्याची माया खरी असते, पण लढतीतली तुमची तिसरी, शेवटची फेरी त्यानं पाहिलेली नसते. दुसरीकडे पेठेतली चार माणसं आपापली पोरं घेऊन दारात उभी असतात, "सर, ह्याला जरा शिकवा." अशा वेळी मनाचा कौल घेऊ नका. मन सकाळी एक सांगतं आणि संध्याकाळी दुसरंच. बारा आठवडे ठरवून घ्या, एक दोनशे पानी वही घ्या आणि लढतीचा सराव व शिकवणं ही दोन्ही कामं एकाच काळात करून बघा. त्याआधी वय, वजन आणि डोकं या तीन गोष्टी तपासायच्या.

वय आणि वजन

ऑलिंपिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये एलिट, म्हणजे वरिष्ठ, गट १९ ते ४० वर्षांचा असतो आणि वय जन्मवर्षावरून धरतात. तयारीला एक वर्ष लागतं असं धरलं, तर आज ३८ वर्षांच्या माणसाच्या हातात जेमतेम एक-दोन हंगाम उरतात. मेरी कोम यांचं उदाहरण सगळेच देतात. २००७ मध्ये जुळी मुलं झाल्यावर २००८ मध्ये त्या पुन्हा जगज्जेत्या झाल्या आणि २०१८ मध्ये दिल्लीत पस्तिशीत सहावं जागतिक सुवर्ण घेतलं, हे खरंच आहे. पण त्यांचा खंड लहान होता आणि आयुष्य पूर्णवेळ या खेळाला दिलेलं होतं. पाच-सात वर्षं नोकरी आणि संसार करून परतणाऱ्यानं त्यांच्याकडून जिद्द घ्यावी, वेळापत्रक घेऊ नये.

वजनगट तर पार बदललेत. २०१९ पूर्वी पुरुष ४९, ५२, ५६, ६०, ६४, ६९, ७५, ८१, ९१ असे खेळत. वर्ल्ड बॉक्सिंग या आंतरराष्ट्रीय संघटनेचे २०२५ पासूनचे गट ५०, ५५, ६०, ६५, ७०, ७५, ८०, ८५, ९० आणि त्यावर असे आहेत. महिलांचे ४८, ५१, ५४, ५७, ६०, ६५, ७०, ७५, ८० आणि त्यावर. जुन्या ५६ किलोवाल्याला आता एक किलो जास्त उतरवावं लागेल, नाहीतर ६० मध्ये आपल्यापेक्षा थोराड पोरांसमोर उभं राहावं लागेल. महिलांच्या लढतीही २०१७ पासून तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या झाल्यात. पुरुषांच्या एलिट गटात २०१३ पासून हेडगार्ड नाही, त्यामुळे भुवईवरच्या जुन्या टाक्यांचाही विचार करावा लागतो.

सलग तीन सकाळी उपाशीपोटी वजन करून सरासरी काढा. आठवड्याला अर्धा किलो, फार तर पाऊण किलो उतरवायचं. ६५ च्या गटात खेळायचं आणि काटा ७८ दाखवत असेल तर तेरा किलोला चार ते सहा महिने लागणारच. इथं तालमीचा खुराक आड येतो. दूध, तूप, बदामाची थंडाई ही अंग भरायची व्यवस्था आहे, तुम्हाला नेमकं उलट करायचंय. दिवसाला अर्धा लिटर दूध पुरे, तांबडा-पांढरा आठवड्यातून एकदाच. पाणी तोडून, प्लास्टिकचा सूट घालून काढलेलं वजन दोन घोट पाण्यात परत येतं आणि हातापायातली ताकद मात्र दोन दिवस येत नाही. लघवीच्या गोळ्या घेऊन वजन पाडणारे अजून आहेत. फ्युरोसेमाइडसारखी औषधं स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी असलेली आहेत.

डोकं, डोळे, हृदय

ही तपासणी झाल्याशिवाय बॅगवर हात टाकू नका. न्यूरॉलॉजिस्टला भेटून मेंदूचा एमआरआय करा. नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यात थेंब घालून पडदा तपासून घ्या. थेंबांमुळे काही तास नजर धूसर राहते, तेव्हा गाडी चालवायला कुणालातरी सोबत न्या. ईसीजी आणि इको करा, पस्तिशीनंतर स्ट्रेस टेस्टही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या रक्ततपासण्या खेळताना लागतातच. डॉक्टरांना किती वेळा नॉकआउट झालात, किती वेळा डोक्यावरच्या माऱ्यामुळे लढत थांबवली आणि सरावात किती वेळा अंधारी आली ते आकड्यात सांगा. बहुतेक जण फक्त लढतींचा हिशेब देतात. मार खरा सरावातच जास्त पडलेला असतो.

मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल, फिट्स आल्या असतील किंवा डोळ्याचा पडदा सुटला असेल, तर लढण्याचा विषय तिथंच संपला. आणखी एक तपासणी दवाखान्यात होत नाही. बायकोला, आईला, भावाला विचारा: हा विसरायला लागलाय का, उगाच भडकतो का, झोप नीट लागते का, डोकं दुखतं म्हणतो का? तुमच्या उत्तरापेक्षा त्यांचं उत्तर वहीत लिहा. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूच्या झिजेचं वर्णन वैद्यकात १९२८ पासून आहे. ती लक्षणं खेळ सोडल्यावर कित्येक वर्षांनीही येतात, म्हणून "आज मला काही होत नाही" एवढ्यावर भागत नाही.

बारा आठवडे

पहिले सहा आठवडे समोर माणूस नको. दोरी, शॅडो (हवेत ठोसे), बॅग, पॅड (दुसऱ्यानं हातात धरलेल्या गादीवर ठोसे) आणि पळणं. पहिले तीन आठवडे सपाटीवरच पळा. पन्हाळ्याची किंवा जोतिबाची चढण चौथ्या आठवड्यानंतर घ्या आणि उतरताना चालत या. दम तीन आठवड्यांत परततो, स्नायू पाच-सहा आठवड्यांत जागे होतात, पण टाचेच्या आणि खांद्याच्या शिरांना (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना) त्याहून जास्त वेळ लागतो. परतणारे बहुतेक चौथ्या-पाचव्या आठवड्यात जखमी होतात ते याच फरकामुळे: दम म्हणतो चल, शीर म्हणते थांब. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त भरली तर त्या दिवशी हलकंच काम.

पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात एकच चाचणी घ्या. बॅगवर तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती. मोबाईल तिपाईवर लावून चित्रण करा. प्रत्येक फेरीच्या शेवटच्या तीस सेकंदांतले ठोसे मोजा. पहिल्या फेरीत ५० आणि तिसऱ्यात २७ पडले, तर तुम्ही ५४ टक्क्यांवर आहात. बाराव्या आठवड्यापर्यंत हा आकडा ८० च्या पुढे गेला पाहिजे. शेवटच्या घंटेला नाडी मोजा आणि मिनिटभरानं परत मोजा; किमान ३० ठोके उतरायला हवेत. हे आमचे मापदंड आहेत, नियमपुस्तकातले नाहीत, पण यांच्या खाली राहून तिसरी फेरी निभत नाही.

सातव्या-आठव्या आठवड्यात फक्त अंगावर ठोसे, डोक्यावर नाही. नवव्यापासून आठवड्यातून एकदा, १६ औंसांचे ग्लोव्हज आणि हेडगार्ड घालून तीन फेऱ्या. हेडगार्डनं कातडी वाचते. मेंदूचं हलणं थांबत नाही. जोडीदार आपल्याच वजनाचा आणि सध्या स्पर्धा खेळणारा हवा, जुना मित्र नको. तो तुम्हाला सांभाळून घेईल.

चित्रण बघताना आपल्या जोरकस ठोशांवर खूश होऊ नका. ताकद सगळ्यात शेवटी जाते. समोरच्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) किती वेळा स्वच्छ लागला ते मोजा, नवव्या आठवड्यात आणि बाराव्या आठवड्यात. ठोसा दिसतोय, काय करायचं ते कळतंय, पण हात पोहोचेपर्यंत तो लागलेला असतो, असं वारंवार होत असेल आणि बाराव्या आठवड्यातही आकडा उतरत नसेल, तर ते मेहनतीनं भरून येण्यातलं नाही. सरावात डोकं गरगरलं, मळमळलं किंवा फेरी आठवेनाशी झाली तर कसोटी तिथंच थांबवा. कमीत कमी तीस दिवस सराव बंद आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुढे काही नाही.

त्याच काळात शिकवणं

आठवड्यातून दोन संध्याकाळी, ११ ते १४ वयाची सहा ते आठ मुलं, दीड तास. शाळेकडून किंवा पालकांकडून लेखी परवानगी घ्या. मुली असतील तर एखादी बाई किंवा आई पूर्णवेळ तिथं असू द्या. सहा आठवडे फक्त उभं राहणं, पायांची हालचाल, जॅब आणि उजवा सरळ ठोसा. हूक (बाजूनं वळवून मारायचा ठोसा) नाही, आपसात लढणं तर नाहीच. तिसऱ्या आठवड्यात मुलांना भिडवायची घाई जवळजवळ प्रत्येक नवा प्रशिक्षक करतो. ज्या पोराला तेव्हा नाकावर बसतो ते डोळे मिटायला शिकतं, आणि ती सवय काढायला वर्ष जातं.

तुमची परीक्षा अशी. जॅब टाकताना मुलाचा उजवा हात खाली पडतोय. "हात वर!" असं शंभरदा ओरडणं म्हणजे शिकवणं नव्हे. हात का पडतो? बहुतेकदा वजन पुढच्या पायावर गेलेलं असतं आणि तोल सावरायला हात खाली येतो. पाऊल दुरुस्त केलं की हात आपोआप राहतो. राहिला नाही तर उजव्या कोपराखाली बगलेत रुमाल धरायला द्या. अशी कारणं तुम्हाला दिसतात का? चांगल्या बॉक्सरला हे जमेलच असं नाही. त्याचं अंग सगळं आपोआप करत आलेलं असतं, त्यामुळे पायऱ्या त्यालाच माहीत नसतात. डावखुरं पोर आलं की हे लगेच उघडं पडतं. वहीत दर मुलामागे रोज एक ओळ लिहा, आणि सहा आठवड्यांनी किती मुलं टिकली ते मोजा. आठातली सहा टिकली तर उत्तम.

तालमीतली एक सवय इथं घातक ठरते. वस्ताद साठीतही पोरांशी अंगाला अंग लावून जोर करतात. ती कुस्तीची रीत आहे आणि तिथं ती शोभते. बॉक्सिंगमध्ये प्रशिक्षकानं शिष्यांशी रोज भिडणं म्हणजे निवृत्तीनंतरही डोक्यावर मार खात राहणं. पॅड धरा, अंगावर संरक्षक पट्टा बांधून घ्या, पण डोकं देऊ नका.

पैशाचा हिशेब आधीच मांडा. समजा २० मुलं आणि महिना ५०० रुपये. हातात दहा हजार. त्यातून जागेचं भाडं, झिजणारे ग्लोव्हज, हाताच्या पट्ट्या आणि स्पर्धांचा प्रवास गेला की पहिल्या वर्षी घर चालत नाही. नोकरी सोडू नका.

निकाल आणि पुढचे कागद

तिसरी फेरी ८० टक्क्यांवर, लागणारे जॅब कमी होत चाललेले आणि डॉक्टरांचा होकार, हे तिन्ही असेल तरच परता. यातलं एक जरी नसेल तर परतू नका. शिकवण्याच्या वहीत कारणं सापडत असतील तर तो रस्ता धरा. दोन्हीकडे मन रमलं नाही, पण खेळ सुटत नसेल, तर पंच आणि गुणलेखकांची कमतरता कायम असते. कसोटी संपल्यावर मात्र दोन्ही कामं एकाच वर्षात करू नका. स्पर्धेच्या आधीचे दोन महिने मुलं वाऱ्यावर पडतात.

परतणारे पूर्वी उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीत असतील, तर त्यांना स्पर्धेआधी सहा महिने लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याआधी नाडाचे (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे) नियम विचारा. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात ते कुठल्याही मार्गानं टोचून घेतलं तरी बंदीत येतं. महिलांना गरोदर नसल्याचा दाखला जोडावा लागतो.

शिकवणाऱ्यांसाठी १९६१ मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत एक वर्षाची पदविका आहे आणि नोकरी सांभाळून करण्याजोगा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही. शाळा-महाविद्यालयात काम मिळवताना पदविकेचं वजन जास्त. अर्जाला जुनी स्पर्धा प्रमाणपत्रं लागतात, म्हणून ती आताच ट्रंकेतून काढा, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का बघा, आणि फाटत आलेली असतील तर स्कॅन करून मूळ प्रती लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा.