धातू जातो म्हणणाऱ्या पोराला हसून घालवू नका: या चुका टाळा

लघवीतून धातू म्हणजे वीर्य जातं, कंबर धरते, पाय गळतात, अभ्यासात लक्ष लागत नाही असं सांगत पोरगं समोर बसतं आणि नवीन डॉक्टर मान पण वर न करता म्हणतो, काही नाही रे, सगळ्यांना होतं, जा. मला या चुकीचा सगळ्यात जास्त राग येतो. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये याला धात सिंड्रोम नाव दिलं, म्हणजे एवढ्या वर्षांची माहिती हाताशी आहे, तरी आपल्याला दोन मिनिटं ऐकायला जड जातं.

एमपीएससी करणारा एक पोरगा असाच एका दवाखान्यातून हसून घालवलेला, तो तिथून थेट रस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूत गेला, पुड्या आणि भस्मात रूमभाड्याचे पैसे घालवले आणि मग माझ्याकडे आला तो पाण्याच्या बाटलीत लघवी घेऊन, तळाला पांढरा साका. नॉर्मल रिपोर्ट दाखवला तरी पटेना. मग त्याच्यासमोरच टेस्ट ट्यूबमध्ये थोडी घेऊन व्हिनेगर टाकलं, गढूळपणा विरला. ते फॉस्फेट होतं, जेवणानंतर बऱ्याच जणांच्या लघवीत दिसतं. यानं तो बरा झाला नाही, पण बोलायला लागला. परीक्षेची भीती, हस्तमैथुनाचा अपराधीपणा, उडालेली झोप, खरं काम तिथून पुढं, आणि ते काही महिने चाललं. एका भेटीत उरकायची घाई असेल तर या वाटेला जाऊ नका.

दुसरं म्हणजे लगेच लेक्चर झोडणं. चाळीस थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं हा हिशोब त्यानं घरच्या मोठ्यांकडून ऐकलेला असतो, तो खोडायच्या आधी मी विचारते, तुला हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं? र. धों. कर्वे १९२७ पासून आपल्या समाजस्वास्थ्य मासिकातून या भीतीत तथ्य नाही हेच समजावत होते, ती अजून गेलेली नाही, मग तुमच्या एका वाक्यानं कशी जाईल?

बाकीचं पटकन. वडिलांसमोर विचारू नका. समाधानासाठी टॉनिक लिहू नका, त्यानं आजार असल्याची खात्रीच पटते. "लग्न कर" हा उपाय नाही. जळजळ, ताप, लघवीत रक्त असेल तर आधी तपासण्या. अंगावरून पांढरं जातं म्हणून खचलेल्या बाईलाही हाच वेळ द्या. आणि डिप्रेशन बघा, आत्महत्येचा विचार येतो का हे सरळ विचारा, जाताना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.