वायरमनच्या धंद्यात नवीन येणाऱ्यांसाठी : सॉकेटच्या आतलं काम

वीजतंत्री असो की तारतंत्री, आयटीआयची दोन वर्षं संपली की पोरं विचारतात, आता पुढे काय? अप्रेंटिसशिप करा. स्टायपेंड तुटपुंजा आहे, माहितीय, तरी करा. वायरमन परमिटचा अर्ज स्वतः भरा. "पैसे द्या, करून देतो"वाल्यांच्या नादी लागू नका. मिस्त्रीचं नाव किती मोठं ते बघू नका, तो तुम्हाला डीबी, म्हणजे घरभर वीज वाटणारी पेटी, उघडू देतो का ते बघा. नुसत्या भिंती फोडायला आणि चहा आणायला ठेवणाऱ्याकडे काही शिकायला मिळत नाही.

मी जिथे अडकलो ते जरा सविस्तर सांगतो. प्रत्येक थ्री-पिन सॉकेटपर्यंत अर्थची वायर ओढायची म्हणजे वायर आली, वेळ आला. मग कंत्राटदार सांगतो, "आतच न्यूट्रलवरून अर्थला लूप मार." म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे, बोटभर तुकडा लागतो. मालकासमोर टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला की लख्ख पेटतो, मालक खूश. पण मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर वॉशिंग मशीनमधून आलेला फेज त्याच तुकड्यावाटे मशीनच्या पत्र्यावर येतो. ओला हात घरातल्या कुणाचा तरी लागणार, कंत्राटदाराचा नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की पडून वीज तोडणारा स्विच) आहे ना, असंही म्हणू नका. बॉडीला गळती झाली तरी तो करंट लूपमधून न्यूट्रलनेच परत जातो. गेला तेवढाच आला, मग ती पडेल कशाला?

तपासायचं असं : डबल पोल मेन बंद करा, सगळे प्लग काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजतो त्या खुणेवर) ठेवून प्रत्येक सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये धरा. वाजला, तर कुठेतरी लूप आहे.

मी हे करायला नाही म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून बोलावणं बंद, आधीची मजुरीही बुडाली. अजून आठवलं की डोकं फिरतं. तुमच्याही वाट्याला हे येईल, खोटं कशाला सांगू? म्हणून पहिल्या कमाईपासून थोडे पैसे बाजूला टाका. खिसा रिकामा असला की नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

पण घाबरून जाऊ नका. लाइटला दीड आणि गिझरला चार स्क्वेअर एमएमची वायर ओढणाऱ्याला लोक उशिरा का होईना, शोधत येतात. "मुलगा वायरमन आहे?" म्हणून नाक मुरडणारे पाहुणेसुद्धा एसीचा पॉइंट काढायला आपल्यालाच फोन करतात. दर सांगताना चाचरू नका. पॉइंटमागे किती, त्यात काय धरलंय, काय नाही, सगळं कागदावर लिहून द्या.

आणि प्लास्टर व्हायच्या आत प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाइपाशेजारी टेप धरून. एक प्रत मालकाला पाठवा. पुढे कुणी तिथे ड्रिल मारलं, तर भांडायला तुमच्या हातात काहीतरी असेल.