खुब्याच्या फ्रॅक्चरची नोंद आणि अचूक कोड

नागपुरात मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) असो वा धंतोलीतल्या खासगी रुग्णालयात, केसपेपरवर नुसते ‘खुब्याचे फ्रॅक्चर’ लिहिले तर कोड, म्हणजे निदानाचा ठरावीक सांकेतिक क्रमांक, लावणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही; म्हणून हाड नेमके कुठे मोडले, बाजू उजवी की डावी आणि फ्रॅक्चर बंद की उघडे (त्या जागी त्वचा फाटून जखम झालेले), हे डॉक्टरांनी तपासणी करून आणि एक्स-रे पाहूनच लिहावे. आयसीडी-१० या आजार व इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मानेसाठी एस७२.०, ट्रोकँटरच्या (मानेखालच्या उंचवट्यांच्या) भागासाठी एस७२.१ आणि त्याखालच्या भागासाठी एस७२.२ हे कोड आहेत. बंद की उघडे याचा उल्लेख नसेल, तर ते बंद धरतात.

खरी गफलत ठिसूळ हाडांच्या बाबतीत होते. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या वृद्धेचे हाड किरकोळ पडण्यानेही मोडले, तर इजेच्या कोडऐवजी एम८० (ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेले फ्रॅक्चर) या गटाचा विचार करावा लागतो. मात्र तो डॉक्टरांच्या लेखी निदानावरून, रुग्णाचे वय पाहून अंदाजाने कधीही नव्हे. इजेचा कोड लावताना पडण्याचे कारणही जोडावे: घसरून पडल्यास डब्ल्यू०१, पलंगावरून पडल्यास डब्ल्यू०६.

शस्त्रक्रियेच्या नोंदीत स्क्रू, नेल (हाडाच्या आत बसवायची सळई) की कृत्रिम सांधा हे स्पष्ट लिहून या बसवलेल्या इम्प्लांटचे स्टिकर चिकटवावे आणि डिस्चार्ज कार्डावरील बाजू या नोंदीतल्या बाजूशी ताडून पाहावी.