कुंडलिकेवर उतरण्याआधी

यादीत सगळ्यात वर लाइफ जॅकेट लिहू नका, हेल्मेटही नको. सगळ्यात वर लिहा : उद्या पाणी सुटणार आहे का, आणि किती वाजता? रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर राफ्टमधून, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून जायचं असो की स्वतःची कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी निमुळती होडी घेऊन, हे उत्तर आदल्या संध्याकाळी हातात पाहिजे. घरून कधी निघायचं, न्याहारी कधी करायची, मुलांना न्यायचं की नाही, हे सगळं त्या एका वेळेवर ठरतं.

कारण या नदीला उन्हाळ्यातही लाटा उसळतात त्या पावसामुळे नव्हेत, विजेमुळे. पलीकडे पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. मुळा पुढे भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते, म्हणजे हे पाणी मुळात बंगालच्या उपसागराकडे जायचं. टाटांच्या वीजप्रकल्पाने ते सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेला वळवलं, आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. हे 1927 पासून चालू आहे. वीज करून झाली की तेच पाणी कुंडलिकेत येतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे येणार असाल तर मुळशीचा जलाशय वाटेत लागतोच. तिथे पाच मिनिटं थांबा, हेही मी यादीतच धरते. त्या पाण्याखाली मावळातली गावं आणि भातखाचरं आहेत. ती वाचवायला 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला, आणि तरी ती बुडाली. ज्या पाण्यावर आपण मजा करायला निघालो आहोत त्याची किंमत कोणी मोजली हे वल्हं हातात घेणाऱ्याला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता वेळेचं. पाणी साधारणपणे सकाळी सुटतं आणि काही तासच राहतं. पण ते वेळापत्रक आपल्यासाठी बनलेलं नाही. विजेची मागणी बदलली, यंत्राची दुरुस्ती निघाली, तर वेळ पुढेमागे होते, कधी त्या दिवशी पाणीच येत नाही. म्हणून आठवडाभर आधी पैसे भरताना मिळालेली वेळ अंतिम समजू नका. आदल्या संध्याकाळी आयोजकाला फोन करा, निघताना पुन्हा एकदा करा. आणि उशीर करू नका. सुमारे बारा किलोमीटरचं अंतर आहे, आणि आपल्याला त्या सुटलेल्या पाण्याबरोबर राहायचं असतं. मागे राहिलात तर पाणी पायाखालून ओसरतं, राफ्ट खडकांवर टेकते, आणि मग सगळ्यांनी उतरून ओढायची, निसरड्या गोट्यांवरून. पाय मुरगळतात ते बहुतेक तिथेच.

याच्या उलट बाजू जास्त गंभीर आहे. पाणी सुटायच्या आधी नदी अगदी निरुपद्रवी दिसते. मधले खडक कोरडे, दोन खडकांमध्ये घोटाभर पाणी. फोटो काढायला, पाय बुडवून बसायला कोणालाही मोह होईल. पाणी वाढायला लागलं की मधल्या खडकावर बसलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंनी प्रवाह सुरू होतो आणि काठावर परतायची वाट तुटते. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजेच एक टन पाणी. आणि रॅपिडमधून, म्हणजे खडकांमधून उसळत जाणाऱ्या वेगवान पट्ट्यातून, त्याच्या कितीतरी पट वाहत असतं. तेव्हा गटातल्या प्रत्येकाला, विशेषतः बरोबर फक्त बघायला आलेल्या काका-मावशींना, स्पष्ट सांगून ठेवा : पाणी सुटल्याचा भोंगा ऐकू येवो न येवो, पात्राच्या मध्ये कोणी जायचं नाही, काठावरच बसायचं.

आयोजक निवडणं हा यादीतला दुसरा मोठा भाग, आणि तो दर विचारून संपत नाही. महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं आणि त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, हे सरळ विचारा; विचारण्यात अवघडण्यासारखं काही नाही. मग विचारा की राफ्टबरोबर बचावासाठी वेगळा कयाकवाला असतो का, प्रत्येक गाईडकडे फेकायच्या दोरीची पिशवी असते का, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाचं झालंय. चांगला आयोजक या प्रश्नांनी खूश होतो. ‘काही होत नाही हो, रोज हजार माणसं जातात’ असं उत्तर आलं, तर मी दुसरा नंबर फिरवते.

काठावर पोचल्यावर लाइफ जॅकेट स्वतः तपासा. पट्टे शाबूत हवेत, बकल लागलं की ओढून सुटता कामा नये. घालून झालं की मैत्रिणीला खांद्यांजवळ धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमचं नाही. लहान माप मागा किंवा पट्टे आवळा. पहिल्या रॅपिडनंतर पट्टे ओले होऊन ढिले पडतात, तेव्हा पुन्हा आवळा. हेल्मेट कपाळ झाकणारं हवं, मान जोरात हलवल्यावर ते जागचं हलू नये. टाचेला पट्टा असलेले फ्लोटर्स किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. चपला पहिल्याच लाटेत जातात आणि नंतर अनवाणी पायांनी दगडांवर उतरावं लागतं. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. सुती कपड्यांपेक्षा खेळाचे पटकन सुकणारे कपडे बरे. पाणी जलाशयाचं, म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी चांगलंच गार लागतं. हुडहुडी भरली की हातातली ताकद जाते, त्यामुळे थंडीत आत एक घट्ट थर घालाच. मार्चनंतर प्रश्न उलटा होतो. भिऱ्याचं तापमान उन्हाळ्यात बातम्यांत येतं ते उगाच नाही. तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि पिण्याचं पाणी भरपूर ठेवा. चष्म्याला मागून दोरी बांधा. मंगळसूत्र, साखळी, अंगठ्या घरीच ठेवा, ओढणी तर नकोच. मोबाइल गाडीत.

वल्ह्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण राफ्टवर दात पडतात ते पाण्यामुळे नाही, शेजाऱ्याच्या वल्ह्यामुळे. वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. एक हात सतत त्या मुठीवर पाहिजे, राफ्ट कितीही हेलकावली तरी. तो हात सुटला की ते टोक समोरच्याच्या तोंडावर जातं. गाईड काठावर ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘गेट डाऊन’ शिकवतो तेव्हा सेल्फी चाललेल्या असतात. ती दहा मिनिटं पूर्ण लक्ष द्या. ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा.

पाण्यात पडलात तर काय, याची तयारी घरीच करता येते, फक्त डोक्यात पक्की बसवायची. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, पावलं पाण्याच्या वर. खडक आला तर बुटाने ढकलायचा. आणि उभं राहायचं नाही. ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं. पाणी कमरेएवढंच आहे असं वाटून माणूस पाय टेकतो, पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं, आणि मागून येणारं पाणी त्याला पुढे पालथा पाडून दाबून धरतं. पाणी घोट्याएवढं होईपर्यंत तरंगत राहा. दोरी आली तर दोरी धरायची, पिशवी नाही. दोरी हाताला गुंडाळायची नाही. ती छातीवर घेऊन पाठीवर पडून ओढून घ्यायचं. काठाच्या जांभळाच्या, करंजाच्या फांद्या पाण्यात लोंबत असतील तर त्यांच्यापासून लांब राहा. फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. टाळता येत नसेलच, तर अशा वेळी मात्र उताणं राहायचं नाही; पालथं होऊन डोकं पुढे ठेवून जोरात पोहायचं आणि फांदीवर चढायचं.

स्वतःची कयाक असणाऱ्यांसाठी दोन जादा ओळी. एकटं उतरू नका. तिघं असाल तर एक पाण्यात, एक दोरी घेऊन काठावर आणि एक मदत आणायला मोकळा राहतो. स्प्रे-डेक (कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवतीचं झाकण) लावल्यावर ते काढायला पुढे असलेला ओढायचा फास बाहेर आहे ना, हे हात लावून पाहा, नुसतं नजरेने नाही. शिट्टी जॅकेटला, छोटा सुरा हाताशी. नदीत मासेमारीची नायलॉनची जाळी असतात. रोल, म्हणजे उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणं, तलावात पक्का झाल्याशिवाय इथल्या तिसऱ्या श्रेणीच्या (मध्यम अवघड) रॅपिडमध्ये पहिला प्रयत्न करू नका. आणि नदीतून बाहेर पडायची जागा आधी गाडीने जाऊन पाहून या. पुढे कोलाडला डोलवहाळचा बंधारा आहे, आणि बंधाऱ्याखाली पाणी उलटं फिरून माणसाला परत भिंतीकडे ओढतं, लाइफ जॅकेट असलं तरी. वरून पाहिलं तर ती फक्त एक सरळ रेघ दिसते. रोह्याकडे आणखी खाली जाण्याचा हट्टही नको. तिथे धाटावची औद्योगिक वसाहत आहे, आणि पुढे नदीची खाडी होते.

तब्येतीचं खरं सांगा. दमा असेल तर पंप गाईडच्या कोरड्या पिशवीत द्या. फिट येत असेल, हृदयाचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, दिवस गेले असतील, तर काठावर बसा. आदल्या रात्री दारू घेतलेल्यांनीही काठावर बसावं, आणि मी हे गटात सगळ्यांसमोर सांगते. पोहे-चहा निघण्याच्या तासभर आधी, पोटभर मिसळ नंतर.

नदीवर आपण एकटे नसतो. काठावर बायका धुणं धुत असतात, मासे-चिंबोऱ्या पकडणारी माणसं असतात, गुरं पाण्यावर आलेली असतात. त्यांच्या जवळून जाताना लाटा उडवू नका, आरडाओरडा करू नका, परवानगीशिवाय फोटो घेऊ नका. आणलेलं प्लास्टिक परत न्यायला एक पिशवी यादीत लिहाच.

पावसाळ्यात ही सगळी यादी बदलते. वीजघराच्या पाण्यात पावसाचं पाणी मिसळतं, ओढे भरून येतात, वाहून आलेली झाडं असतात, आणि सकाळी ठरवलेली पातळी तासाभरात खोटी ठरते. गाईडने ‘आज नाही’ म्हटलं तर पैशांसाठी वाद घालू नका. पायाला जखम असेल तर त्या दिवसांत पाण्यात उतरूच नका, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, धोका असतो. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना नदीत उतरल्याचं आवर्जून सांगा.

शेवटी एक कागद. त्यावर गटातल्यांची नावं, रक्तगट, घरचे नंबर, उतरण्याची जागा आणि वेळ, बाहेर येण्याची जागा आणि वेळ, आयोजकाचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी 108, आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता लिहा. तो गाडीच्या ड्रायव्हरकडे द्या. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात कोणी बाहेर आलं नाही तर पहिला फोन कोणाला करायचा, हे त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या, आणि मग लाइफ जॅकेट चढवा.