निवारा केंद्रातून मोठा कुत्रा घरी आणताना

मोठा कुत्रा दत्तक घ्यायचा विचार मनात आला की सर्वांत आधी वजनाचा हिशेब करावा. जंताचे औषध, वेदनाशामक गोळी, शस्त्रक्रियेपूर्वीची भूल या सगळ्यांची मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे 45 किलोच्या कुत्र्याचा बहुतेक उपचार 10 किलोच्या कुत्र्याच्या उपचारापेक्षा महाग पडतो. तो आजारी पडला तर त्याला गाडीपर्यंत कोण नेणार, जिन्यावरून कसे उतरवणार, हे आधीच ठरवून ठेवावे; जाड चादरीची झोळी करून दोघांनी उचलण्याचा सराव एकदा तरी करून पाहावा. आयुष्याचा हिशेबही वेगळा असतो. लहान जातींचे कुत्रे 12 ते 15 वर्षे जगतात, तर ग्रेट डेनसारख्या महाकाय जातीचे आयुष्य साधारण 7 ते 10 वर्षांचे असते. म्हणजे पाच वर्षांचा ग्रेट डेन आणला तर मध्यमवयीन प्राणी घरात येतो आहे हे समजून आणावे. हा हिशेब पटला की पुढचे सगळे सोपे होते, कारण मग अवघड दिवस अनपेक्षित राहत नाहीत.

निवारा केंद्रात गेल्यावर ‘हा स्वभावाने कसा आहे?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘खूप प्रेमळ आहे’ असेच येते. त्याऐवजी प्रसंग विचारावेत. त्याच्यासमोरचे भांडे कोणी हलवले तेव्हा त्याने काय केले? नखे कापताना तो कसा वागला? मांजर दिसल्यावर, लहान मूल धावत आल्यावर, एकटे ठेवल्यावर काय झाले? तो याआधी कोणाच्या घरी राहिला असेल तर तिथून का सोडला गेला? मोठ्या कुत्र्यांना पुष्कळदा स्वभावातल्या दोषासाठी नव्हे, तर घर बदलल्यामुळे किंवा पिल्लू एवढे वाढेल याचा अंदाज न आल्यामुळे सोडून दिलेले असते. पिंजऱ्यामागे भुंकणारा कुत्रा बाहेर फिरायला नेल्यावर अगदी वेगळा वाटू शकतो, म्हणून निदान दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी त्याला भेटावे आणि घरातल्या प्रत्येकाशी त्याची गाठ घालून द्यावी. घरी आधीपासून कुत्रा असेल तर दोघांची पहिली भेट दारात नको. मोकळ्या जागी, थोडे अंतर राखून, दोघांना एकाच दिशेने चालवत न्यावे.

भेटीदरम्यान त्याचे शरीर वाचायला शिकावे. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पांढरे दाखवत पाहणे, अंग एकाएकी ताठ करणे ही सगळी अस्वस्थतेची लक्षणे आहेत. गुरगुरणे हीदेखील सूचना आहे आणि तिच्यासाठी त्याला कधीही दटावू नये. गुरगुरल्याबद्दल शिक्षा मिळालेला कुत्रा सूचना देणे बंद करतो आणि थेट चावतो. 40 किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते.

घराची तयारी करताना जमिनीकडे आधी पाहावे. गुळगुळीत फरशीवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, आणि खुब्याच्या सांध्यात आधीच दोष असेल तर त्याला उठतानाही त्रास होतो, म्हणून त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर न सरकणाऱ्या चटया टाकाव्यात. झोपण्याची गादी जाड हवी. कठीण जमिनीवर आडवे पडून या कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात आणि कधीकधी तिथे पाणी भरलेली सूज येते. मागच्या पायांवर उभा राहिला की ओट्यावरचे सगळे त्याच्या तोंडाशी येते; चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि झायलिटॉल घातलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या त्याच्यासाठी विषारी असतात, तेव्हा त्या बंद कपाटात जाव्यात. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दार. नवीन कुत्रा पळून जाण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो, म्हणून दारापाशी दुसरे आडफाटक बसवावे, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन क्रमांकाची पट्टी पहिल्याच दिवशी लावावी, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिची नोंद आपल्या नावावर करून घ्यावी, आणि बाहेर नेताना दोरी पट्ट्याला व हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांना) अशी दोन्हीकडे जोडावी.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे काहीही न करणे. पाहुणे बोलावू नयेत, आंघोळ घालू नये, मिठी मारू नये, टक लावून पाहू नये. कुत्र्यांबरोबर काम करणारी मंडळी तीनचा आडाखा सांगतात: धास्ती उतरायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, आणि हे घर आपले आहे असे वाटायला तीन महिने. तो ढोबळच आहे, आणि माझ्या अनुभवात मार खाल्लेल्या कुत्र्याला याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. आमच्याकडे आलेला ब्रूनो हा 38 किलोचा, शेफर्डच्या वळणाचा कुत्रा पहिले नऊ दिवस भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे करूनच झोपत असे. मी रोज संध्याकाळी सातला त्याच्यापासून चार हात अंतरावर, त्याच्याकडे न पाहता वाचत बसत असे. दहाव्या दिवशी पान उलटताना नखांचा आवाज आला. तो उठून जवळ आला, माझ्या पायाचा वास घेतला आणि परत जाऊन बसला, पण या वेळी पाठ दाराकडे होती. मी हात पुढे केला नाही. त्या दिवशी हात पुढे केला असता तर कदाचित आणखी नऊ दिवस लागले असते.

खाण्याच्या बाबतीत पहिले काही दिवस केंद्रात मिळत होते तेच अन्न द्यावे आणि नवीन अन्नाकडे आठवडा-दहा दिवसांत हळूहळू वळावे. उपासमार झालेल्या कुत्र्याला एकदम पोटभर घालणे जिवावर बेतू शकते. त्याचा आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच वाढवावा. महाकाय जातीचे पिल्लू असेल तर त्याची हाडे दीड ते दोन वर्षांपर्यंत वाढत असतात, म्हणून लांब पळवणे आणि उंचावरून उड्या मारायला लावणे टाळावे, आणि ‘हाडे मजबूत व्हावीत’ म्हणून स्वतःच्या मनाने कॅल्शियम मुळीच देऊ नये, कारण जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते.

एक आजार मात्र प्रत्येक मोठ्या कुत्र्याच्या पालकाला पाठ असायला हवा. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती पिळले जाते. कुत्रा अस्वस्थपणे येरझारा घालतो, लाळ गळते, उलटीचे उमासे येतात पण बाहेर काहीच पडत नाही, पोट फुगून ताठ होते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये आणि सकाळची वाट पाहू नये. काही तासांत मृत्यू येऊ शकतो. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे कुत्रा घरी येण्याआधीच शोधून ठेवावे. दिवसाचे जेवण एकाच वेळी न देता दोन-तीन वेळांत विभागून द्यावे. जठर पोटाच्या आतल्या बाजूला शिवून ठेवण्याची शस्त्रक्रिया नसबंदीच्या वेळीच करता येते आणि तिने पिळा पडण्याचा धोका पुष्कळच कमी होतो, तेव्हा त्याबद्दल पशुवैद्याला आवर्जून विचारावे. पहिल्या आठवड्यातल्या तपासणीत लसी, जंत, गोचीड ताप, हृदयातील जंत, दात आणि खुबे पाहून घ्यावेत. कुत्रा कॉली किंवा तत्सम मेंढपाळ जातीचा असेल तर आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाच्या जास्त मात्रेने त्याला गंभीर विषबाधा होऊ शकते, हेही औषध घेण्याआधी सांगावे.

मोठ्या कुत्र्याला ताकदीने आवरता येत नाही, त्यामुळे शिकवणे पहिल्या दिवसापासून हवे. दोरी ताणली की थांबायचे, सैल झाली की चालायचे, एवढे एकच सूत्र सगळ्यांनी सारखे पाळावे. छातीवर कडी असलेला हार्नेस यात फार उपयोगी पडतो. अंगावर उड्या मारणारा 8 किलोचा कुत्रा गोड दिसतो, पण त्याच उडीने 45 किलोचा कुत्रा म्हाताऱ्या माणसाला पाडतो. म्हणून चारही पाय जमिनीवर असतानाच कौतुक करावे.

आता इमानाविषयी. ‘वाचवलेला कुत्रा उपकार विसरत नाही’ हे वाक्य मला पटत नाही, कारण त्यामुळे माणूस पहिल्याच आठवड्यात कृतज्ञतेची वाट पाहू लागतो आणि ती न दिसल्यावर हिरमुसतो. जिव्हाळा जुळतो तो ठरलेल्या वेळी घडणाऱ्या छोट्या गोष्टींतून. हंगेरीतील संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवारा केंद्रातल्या प्रौढ कुत्र्यांना एका अनोळखी व्यक्तीने फक्त तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटे हाताळले, आणि तेवढ्यानेही ते त्या व्यक्तीशी परक्यापेक्षा वेगळे, ओढीने वागू लागले. सुरुवातीला टाळलेली नजरही नंतर आपोआप मिळू लागते. जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवून दिले की माणूस आणि त्याचा कुत्रा एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेले संप्रेरक वाढते. ओढ लागायला फार वर्षे लागतातच असे नाही. जपानमधल्या हाचिको या अकिता जातीच्या कुत्र्याला प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो यांचा सहवास जेमतेम दीड वर्ष लाभला. मे 1925 मध्ये ते वारले, आणि मार्च 1935 मध्ये स्वतः मरेपर्यंत हाचिको टोकियोतल्या शिबुया रेल्वे स्थानकावर त्यांच्या येण्याच्या वेळी जात राहिला.

अशी ओढ लागलेल्या कुत्र्याला एकटे राहणेही शिकवावे लागते, नाहीतर तो दारे ओरबाडतो आणि नखांतून रक्त येईपर्यंत खणत राहतो. किल्ली उचलावी आणि कुठेही न जाता परत ठेवावी. मग अर्धा मिनिट बाहेर जावे, मग दोन मिनिटे, मग दहा. तो शांत असतानाच परत यावे आणि जातायेता मोठा निरोपसमारंभ करू नये. ब्रूनोला दीड तास एकटे राहायला जवळपास पाच महिने लागले. आता मी किल्ली उचलली की तो मान वर करतो, मी बूट घालेपर्यंत पाहत राहतो आणि मग चटईवर जाऊन आडवा होतो.