गोळ्या कपाटात राहू देऊ नका

निरीक्षण गृहातून, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथून, मुलगा घरी जाणार म्हटलं की कागद आपोआप जमतात. बाल न्याय मंडळाचा आदेश, आधार, पालकांची सही, ते सांगत बसत नाही. आधी गोळ्या बघा.

मागच्या वर्षी माझ्याकडचा फिट्सचा एक मुलगा जामिनावर सुटला. बाल न्याय मंडळाचा आदेश हातात पडला तेव्हा चार वाजले होते आणि आईची शेवटची एसटी साडेपाचची. कपडे दिले, वह्या दिल्या, गोळ्यांचा डबा मात्र ऑफिसच्या कपाटात तसाच. पाचव्या दिवशी आईचा फोन आला, पोरगा बांधावर पडला, दातखीळ बसली, जीभ चावली गेली. फिट्सची गोळी अचानक बंद केली की झटका येतो, हे मला चांगलं माहीत होतं. तरी विसरले.

तेव्हा आदेशाची वाट बघू नका. मंडळाची तारीख लागली की त्याच आठवड्यात सिव्हिलच्या सकाळच्या ओपीडीत नेऊन महिन्याच्या गोळ्या आणून ठेवा. आदेश येतो दुपारनंतर, तेव्हा ओपीडीला कुलूप. सोबत चिठ्ठी हवी, पण संस्थेच्या शिक्क्याची नको. शिक्का दिसला की आई ती गावच्या डॉक्टरला दाखवत नाही. फिट्सच्या त्या मुलाच्या आईनं ती चार घड्या घालून गव्हाच्या डब्यात ठेवली होती. साधा केस पेपर घ्या, औषधाचं नाव आणि मात्रा वाचता येईल असा. (मुलाची ओळख उघड करायची नाही हे २०१५ च्या कायद्यातही आहेच, कलम ७४.) कुठली गोळी, किती वाजता, हे आईसमोर मुलाकडूनच वदवून घ्या. आणि गोळ्या पिशवीत कोंबू नका, आईच्या हातात द्या. हातात!

टीबीचा मुलगा असेल तर निक्षयची (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन यादीतली) नोंद गावच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करा. सहा महिन्यांच्या कोर्सपैकी आपल्याकडे दोनच झालेले असतात. खरूज असेल तर मलम घरातल्या सगळ्यांपुरतं. झोप उडालेली, हातावर ब्लेडचे वण, अशा मुलाकडून टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ पाठ करून घ्या, कारण घरी गेल्यावर स्वतःचा मोबाइल मिळेलच असं नाही. व्हाइटनर, गुटखा असेल तर समुपदेशकाची पुढची तारीख. रेशनकार्डात नाव. अठरा झालेल्यांच्या अनुरक्षणाचं (संस्थेतून सुटल्यावरच्या आधाराचं) परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसरना) विचारा.

तिसऱ्या दिवशी फोन. पहिला प्रश्न गोळ्यांचा.